बोरजाईचा वाण

स्वरूपा तांडेलला आपल्या मुलीचं नाव आठवेना, त्या सकाळी तिच्या दंडावरच्या, रक्तातला अमोनिया मोजणाऱ्या पट्टीवर एकशे ऐंशीचा आकडा होता.

मूल सात महिन्यांचं. स्वरूपाचा नवरा मोरेश्वर लेकीला कडेवर घेऊन खाटेशी उभा होता. स्वरूपानं मुलीकडे पाहिलं, शेजारणीच्या बाळाकडे पाहावं तसं कौतुकानं हसली आणि म्हणाली, "गोड आहे हो. कोणाची?"

मोरेश्वरनं लेकीचं टोपरं सारखं केलं आणि खिडकीकडे तोंड फिरवलं.

पुण्याच्या त्या रुग्णालयात रक्ताचे नमुने न्यायला आलेली तुळजा अलकुंटे दारातच थबकली. ती माणसांची डॉक्टर नव्हती. शहरापासून तासाभराच्या अंतरावर डुकरांवर काम करणारं एक संशोधन केंद्र होतं, तिथं ती जनुकं शोधायचं काम करी. स्वरूपाच्या पोटात त्या केंद्रातल्या डुकराच्या यकृताच्या पेशी होत्या. तुळजानंच त्या धुऊन, तपासून पाठवल्या होत्या. पहिले अठरा दिवस त्यांनी चोख काम केलं. मग हळूहळू त्या गप्प झाल्या.

"ही दुसरी वेळ," डॉ. मालती केंकरे तिला व्हरांड्यात म्हणाल्या. यकृताच्या शस्त्रक्रियांत केंकरेबाईंचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि कुणाचा मुलाहिजा ठेवण्याची त्यांना सवय नव्हती. "पेशी जिवंत आहेत, तुळजा. मी काढून पाहिल्या. मरत नाहीत, नुसत्या बसून राहतात. तुझी डुकरं संपावर का जातात ते शोध. मला या मुलीला आणखी फार तर दोन-अडीच महिने ओढता येईल."

"आणि यकृत बदलायचं?"

"मिळालं तर. बाळंतपणानंतर तिच्या रक्तात अशी काही प्रतिद्रव्यं तयार झालीत, की शंभरातल्या नव्याण्णव माणसांचं यकृत तिला चालणार नाही."

आपण डाळ खातो, मासळी खातो. त्यातली प्रथिनं शरीरानं वापरली की मागे अमोनिया उरतो. तो विष. रक्तात त्याचा आकडा पन्नासाच्या आत हवा. यकृत त्याचा युरिया करतं आणि तो लघवीवाटे निघून जातो. हे काम एका विकराचं, म्हणजे एन्झाइमचं नाही. पाच-सहा विकरं ओळीनं उभी असतात, एकानं दुसऱ्याच्या हाती द्यायचं, दुसऱ्यानं तिसऱ्याच्या. त्यातल्या एकाचं नाव इतकं लांबलचक, की सगळे त्याला ओटीसी म्हणत. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईच्या दोन एक्सपैकी कुठलं चालू ठेवायचं हे प्रत्येक पेशी जणू चिठ्ठी टाकून ठरवते. स्वरूपाचा एक एक्स सदोष होता, आणि तिच्या यकृतात बहुतेक चिठ्ठ्या त्याच्याच नावाच्या निघाल्या. सत्तावीस वर्षं कसंबसं निभावलं. लहानपणापासून मासे खाल्ले की तिचं डोकं दुखे, म्हणून सातपाटीच्या कोळीवाड्यात राहून ती वरणभातावर जगली. मग बाळंतपण झालं. वाढलेला गर्भाशय पुन्हा आक्रसतो तेव्हा प्रथिनांचा लोंढा रक्तात येतो. तो लोंढा तिच्या यकृताला पेलला नाही.

डुकराचं ओटीसी माणसाच्या ओटीसीसारखंच, जवळपास अक्षराला अक्षर. म्हणून डुकराच्या यकृतपेशी शेवाळापासून केलेल्या जेलच्या खसखशीएवढ्या मण्यांत भरून माणसाच्या पोटात सोडायच्या, ही युक्ती निघाली होती. मण्यातून अमोनिया आत जातो. माणसाच्या शरीरातले पहारेकरी मात्र जाऊ शकत नाहीत, त्यामुळे परक्या पेशी सुरक्षित राहतात. अडचण वेगळीच होती. जनुक असणं ही एक गोष्ट, आणि त्यानं बोलणं ही दुसरी. डुकराचं हे जनुक चालू ठेवणारा जो डीएनएचा तुकडा, त्याला डुकराच्याच रक्तातल्या संप्रेरकांची हाक लागते. माणसाच्या पोटात ती हाक कुणी देत नाही. अठरा दिवस जनुक वाट पाहतं आणि गप्प बसतं.

हाक न देताही बोलत राहणारं जनुक जगात कुठल्या तरी डुकरात असेल का?

तुळजानं केंद्राच्या शीतपेटीतले जुने नमुने बाहेर काढले. एकोणीस-वीस वर्षांपूर्वी गावोगावच्या डुकरांच्या केसांची मुळं गोळा करण्याची एक योजना झाली होती. तेव्हा तुळजा पशुवैद्यकीची विद्यार्थिनी होती आणि ती स्वतःही गोळा करत हिंडली होती. दोनशे बारा नमुने. पाच दिवस यंत्र ते वाचत होतं. सहाव्या दिवशी दुपारी पडद्यावर जे आलं ते पाहून तिनं खुर्ची मागे सरकवली.

दोनशे एक डुकरांत ओटीसीचं जनुक होतं तिथंच, एक्सवर. अकरा डुकरांत मात्र त्याची दुसरी एक प्रत होती, सातव्या गुणसूत्रावर. कधीतरी, कित्येक पिढ्यांपूर्वी, जनुकाची नक्कल होऊन ती भलत्याच शेजारात जाऊन पडली होती, आणि त्या शेजाऱ्यांचं बटण तिला मिळालं होतं. तिनं ते बटण काचेच्या बशीतल्या पेशींवर, माणसाच्या रक्तद्रवात चालवून पाहिलं. कुणाची हाक नको, काही नको. जनुक बोलत राहिलं.

अकराही नमुन्यांवर एकच खूण होती. बोरजाई.

त्या शाईतलं अक्षर तिचंच होतं. ती डुकरं कुणाची, हे तिला कुठल्या नोंदीत पाहावं लागलं नाही. केस उपटताना एकेका डुकराला मांडीत दाबून धरणारा माणूस तिचा बाप होता, दुर्गाप्पा अलकुंटे.

आणि ती डुकरं तिनंच मारली होती.

सत्तावीस वर्षांची असताना पशुवैद्यकीय अधिकारी म्हणून तिची पहिली नेमणूक झाली ती आपल्याच गावी, बोरजाईला. दुर्गाप्पा हरखून गेले होते. ते वडार, हयात दगड फोडण्यात गेलेली, आणि जोडीला डुकरं. लेक खुर्चीवर बसलेली पाहायला ते दवाखान्याच्या दारात उगाच येऊन उभे राहायचे. आठ महिन्यांत डुकरांच्या तापाची साथ आली. त्या तापावर औषध नाही. एक डुक्कर पडलं की किलोमीटरभरातली सगळी मारायची, असा नियम. दुर्गाप्पांची चार मेली. उरली शेहेचाळीस.

"ही धडधाकट हायती," ते तिला सांगत होते. "येगळी ठिवतो. महिनाभर कुणाच्या वाऱ्याला जाऊ देत न्हाई. तुळजव्वा, ही मरायची न्हाईत, मला ठावं हाय."

तिनं सही केली. तिथं दुसरं कुणी असतं तर त्यानंही केली असती, आणि ती बरोबरच होती. आजूबाजूच्या तीन गावांची डुकरं त्यामुळे वाचली. पांढऱ्या पोशाखातली चार माणसं दुपारी दोन वाजता आत शिरली, त्यातली एक ती. पाच वाजता खड्ड्यावर चुना पडला. दुर्गाप्पा कुंपणाला धरून अथपासून इतिपर्यंत उभे होते. शेवटी ते एवढंच म्हणाले, "आता तुझं शिक्षण पुरं झालं."

त्याला चौदा वर्षं झाली. त्यानंतर बाप तिच्याशी बोलला नव्हता. आई गेली तेव्हा ती धावत गेली, तर ते तिच्याकडे पाठ करून बसून राहिले. ती दर महिन्याला गंगव्वा आत्याला फोन करी. आत्या भावाजवळच राहायची. बोलायला विशेष काही नसलं तरी तुळजा फोन लांबवत राही, कारण मागून कधीकधी त्यांचा खोकला ऐकू येई, कधी जनावरांना घातलेली साद. ती साद घरच्या बोलीत असे. परक्याशी दुर्गाप्पा मराठी बोलत. घरच्यांशी आणि डुकरांशी वडारी.

फोनमध्ये मागून डुकरंही ओरडत. त्यांची गोष्ट आत्यानंच पूर्वी सांगितली होती. साथीच्या दोन वर्षं आधी आत्याच्या लेकीचं लग्न झालं, तेव्हा दुर्गाप्पांनी भाचीला एक जोडी दिली होती. साथ सरल्यावर ते तिच्या सासरी जाऊन त्या जोडीची पिल्लं घेऊन आले.

म्हणजे वाण जिवंत असण्याची शक्यता होती.

केंद्राचे संचालक सबनीस यांना तिनं निकाल दाखवला तेव्हा ते उठून उभे राहिले. "मग अडलंय कुठे? आपल्या डुकरांत हा तुकडा बसवा."

"बशीत चालतो, पण नुसता तुकडा गुणसूत्रात बसवला तर काही दिवसांत मुका होतो. मी करून पाहिलं. आजूबाजूचा सगळा शेजार उचलून न्यावा लागेल. तीन-चार वर्षं लागतील."

"आणि त्या बाईकडे?"

"दोन महिने."

"मग पत्र काढतो. जिल्ह्यातून जनावरं ताब्यात घेता येतात, तसा अधिकार आहे आपल्याला. विभागप्रमुख म्हणून सही तुमची लागेल."

त्यांनी पुढे केलेल्या छापील अर्जातल्या सहीच्या कोऱ्या जागेकडे तुळजा पाहत राहिली. मग म्हणाली, "मला चार दिवस द्या. मी स्वतः जाऊन येते."

बसमध्ये बसल्यावर तिला आपल्या मनाचा खरा गुंता उमगला. चौदा वर्षं तिला जायचं होतं. दर दिवाळीला तिनं पिशवी भरली होती आणि पुन्हा रिकामी केली होती. आता ती निघाली होती, पण डुकरांसाठी. ती काहीही म्हणाली तरी अप्पांना वाटणार, काम पडलं म्हणून आली. आणि ते खोटंही नव्हतं. एक कारण मिळालं होतं, आणि त्याच कारणानं येण्यातला जीव काढून घेतला होता.

कर्नाटकाच्या हद्दीलगत, एका बंद पडलेल्या खडीच्या खाणीशेजारी दोन खोल्या होत्या आणि मागे दगडी कुंपण. दुर्गाप्पा डुकरांसाठी कोंड्याचं आंबोण कालवत होते. पाठीचा कणा वाकला होता, पण दंड तसेच होते. त्यांनी वर पाहिलं. तिला वाटलं, ते पाठ फिरवतील. त्यांनी फिरवली नाही. ते मराठीत म्हणाले,

"डॉक्टरीणबाई, चपला तिकडं काढा. भाईरची घाण आत नको."

पाठ परवडली असती, असं तिच्या मनात आलं.

आत्यानं तिला पोटाशी धरलं, भाकरी वाढली, मागच्या पुढच्या सगळ्या गोष्टी सांगितल्या. दुर्गाप्पा जेवायला बसले ते भिंतीकडे तोंड करून. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळजानं न विचारता पाण्याच्या घागरी वाहिल्या, खोपटं झाडली, कोंडा भिजवला. एकूण नऊ डुकरं, सगळी काळी, लांब सोंडांची, पाठीवर राठ केसांचा तुरा. अप्पा त्यांच्याशी बोलत होते, तिला ऐकू जाईल अशा आवाजात.

"सुंद्रे, पाव्हणी आलीया बघ. मोठ्या हापिसातली. कशाला आली आसंल गं? आं? तुझी तब्येत इचारायला?"

सुंद्रीनं कोंड्यात सोंड खुपसली.

"तिला काय ठावं," अप्पा म्हणाले. "तिला वाटतंय, लाड करायला आली."

तुळजाच्या खिशातला फोन थरथरला. स्वरूपाच्या पट्टीचा आकडा तिच्यापर्यंत थेट येत असे. दोनशे दहा. तिनं घागर खाली ठेवली आणि कुंपणाच्या आत गेली.

"अप्पा, मी सरळ सांगते. मी डुकरांसाठी आले."

त्यांनी कालवायचं थांबवलं नाही.

"चौदा वर्षं यायचं होतं. हिंमत झाली नाही. परवा कामाचं कारण मिळालं आणि त्याच्या आडोशानं आले. तुम्ही मला हाकललंत तरी चालेल, पण एकदा ऐकून घ्या."

मग तिनं सांगितलं. स्वरूपाबद्दल, अमोनियाबद्दल, दुसऱ्या प्रतीबद्दल. दगडावर कोळशानं तिनं दोन गुणसूत्रं काढली, आणि एक्सवरून सातवर गेलेली ती उडी दाखवली. लहानपणी ती पाटीवर अक्षरं काढून दाखवायची तेव्हा जसे मान तिरकी करून पाहायचे, तसेच दुर्गाप्पा पाहत होते. मोरेश्वरच्या कडेवरच्या पोरीची गोष्ट आली तेव्हा त्यांचा हात थांबला.

"पोटची पोर वळखीना?"

"नाही."

"आणि पोरीला कळतंय ते?"

"सात महिन्यांची आहे, अप्पा. आईकडे हात करते."

ते सुंद्रीची पाठ खाजवू लागले. मग म्हणाले, "मारायचं न्हाई. एकबी न्हाई. हे कबूल आसंल तर बोला, डॉक्टरीणबाई."

तुळजानं मनात हिशेब मांडला. यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं. एका डुकराचं सगळं यकृत घेण्याऐवजी तिघींचा तिसरा-तिसरा हिस्सा घेतला तर पेशी तेवढ्याच मिळतील. काम तिप्पट, धोकाही तिप्पट. "मी मारणार नाही," ती म्हणाली. "पण शस्त्रक्रिया आहे. सगळ्या जगतीलच असा शब्द मी देऊ शकत नाही."

"खोटं बोलला न्हाईसा, हे बरं केलंसा," ते म्हणाले. "मी संगं येणार. परक्याच्या हातचं त्या खात न्हाईत."

कानाच्या शिरेतून तिनं नवांचंही रक्त काढलं. दुसरी प्रत तिघींत निघाली. सुंद्री, भोरी आणि बुटकी.

केंद्रात दुर्गाप्पांना पहारेकऱ्यांच्या खोल्यांशेजारी जागा मिळाली. पंधरा दिवस डुकरं वेगळी ठेवून, कुठला विषाणू नाही ना हे तपासायचं होतं. त्या पंधरा दिवसांत म्हातारा सगळ्यांचा झाला. पहारेकरी त्यांच्याकडे तंबाखू मागत, प्रयोगशाळेतल्या मुली त्यांना मामा म्हणत, सबनीससाहेब रोज येऊन दगडाच्या जातींबद्दल विचारत. तुळजा आली की मात्र त्यांचं मराठी नीटनेटकं होई. "आज भोरीनं आंबोण कमी खाल्लं, बाई. लिहून घ्या." ती लिहून घेई. रोज सकाळी ती त्या खोपट्याकडे जाताना पावलं भराभर टाकी आणि परतताना रेंगाळे.

पुण्यात स्वरूपा आता बहुतेक वेळ झोपूनच असे. जागी झाली की कुठल्याशा होडीबद्दल बोलायची.

शस्त्रक्रियेच्या दिवशी केंकरेबाई स्वतः आल्या. "माणसांना सोडून डुकरं कापायला लावतेस," त्या कुरकुरल्या, आणि मग तिन्ही शस्त्रक्रिया त्यांनी अशा केल्या, की पाहणाऱ्यानं श्वास रोखावा. दुर्गाप्पांनी एकेकीला हातांनी धरून ठेवलं, कानाशी घरच्या बोलीत काहीबाही पुटपुटत, आणि तुळजानं भुलीची सुई दिली. संध्याकाळपर्यंत तिघी शुद्धीवर आल्या. काढलेल्या पेशी मण्यांत भरून गाडी पुण्याला रवाना झाली.

तिसऱ्या दिवशी बुटकीला ताप भरला. आत रक्तस्राव होत होता. केंकरेबाईंनी फोनवरून सांगितलेलं सगळं तुळजानं केलं, पुन्हा पोट उघडलं, रक्त चढवलं. दुपारी चारच्या सुमाराला बुटकीचा श्वास तुटक होऊ लागला. तुळजानं हातमोजे काढले, तोंडावरचा मास्क काढला आणि पेंढ्यात बसून तिचं डोकं मांडीवर घेतलं. त्या राठ केसांवरून ती हात फिरवत राहिली. प्राण गेला तरी हात फिरतच होता. चौदा वर्षांत ती अशी रडली नव्हती. नाक वाहत होतं, तोंड वेडंवाकडं झालं होतं, आणि ते पुसायचंही तिला सुचत नव्हतं.

दारात दुर्गाप्पा उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

"त्या दिवशी तुझं तोंड झाकलेलं व्हतं," ते म्हणाले. घरच्या बोलीत.

तिनं वर पाहिलं.

"मी बघत व्हतो. म्हटलं, हिच्या डोळ्यात एक टिपूस तरी येतंय का बघू. त्या काचंतनं काय दिसंना. डोळे दिसंनात, तोंड दिसंना. चौघं सारखीच, पांढरी. त्यात माझी कुठली तेबी कळंना मला."

"काचेला आतून वाफ धरली होती, अप्पा," ती म्हणाली. तिच्या तोंडूनही घरचीच बोली आली, चौदा वर्षं पडून राहिलेली, अडखळती. "मलाही काही दिसत नव्हतं."

ते आत आले. गुडघे धरत, कण्हत तिच्याशेजारी पेंढ्यात बसले. त्यांनी तिला जवळ घेतलं नाही, डोक्यावर हातही ठेवला नाही. बुटकीचे उघडे डोळे त्यांनी मिटवले, आणि दोघं तिला पुरायला न्यायची वेळ होईपर्यंत तशीच बसून राहिली.

नव्या पेशी पोटात गेल्यावर चौथ्या दिवशी स्वरूपाचा आकडा शंभराच्या खाली आला. सातव्या दिवशी पन्नास. अठराव्या दिवशी केंद्रातलं कुणी धड जेवलं नाही. एकोणिसावा उजाडला, विसावा उजाडला. आकडा चाळिसाच्या आसपास फिरत राहिला. चाळिसाव्या दिवशी केंकरेबाईंनी फोन करून "बोलतंय अजून तुझं जनुक," एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.

चार महिन्यांनी स्वरूपा नवऱ्याला आणि लेकीला घेऊन केंद्र पाहायला आली. दुर्गाप्पा अजून तिथंच होते. सुंद्री आणि भोरी भरून आल्या होत्या, आणि सुंद्रीला केंद्रातच सात पिल्लं झाली होती. स्वरूपानं कुंपणाशी वाकून सुंद्रीला हात जोडले. मग तिलाच हसू आलं.

"पोरीचं नाव काय?" दुर्गाप्पांनी विचारलं. मुद्दामच विचारलं, हे सगळ्यांना कळलं.

"रेवा," स्वरूपा म्हणाली. "रेवा मोरेश्वर तांडेल. बोंबील खाते ती, तुमच्या कृपेनं मीपण खाते. पहिल्यांदा खाल्ला तेव्हा रडले." रेवा कुंपणाला धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. स्वरूपा तिच्याकडे पाहत राहिली. "ही रांगायला लागली ते मला माहीत नाही हो. पहिला दात आला, तेही नाही. मोरेश्वरनं सगळं फोनवर टिपून ठेवलंय. मी रोज बघते. पण ते बघणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात डोकावल्यासारखं वाटतं. ते महिने मला कोण आणून देणार?"

तुळजानं बापाकडे पाहिलं. ते रेवाला कुंपणातल्या पिल्लांच्या शेपट्या दाखवत होते.

पुढच्या आठवड्यात दुर्गाप्पा निघाले. तीन पिल्लं त्यांनी केंद्राला ठेवून दिली, बाकीची आणि सुंद्री-भोरी यांना घेऊन ते केंद्राच्या गाडीत पुढे बसले. ते काही बोलतील म्हणून तुळजा गाडीची काच धरून उभी राहिली. "पिल्लांना पाणी कोमट द्या," ते म्हणाले. गाडी सुटली.

त्यानंतर दर रविवारी दुपारी फोन येऊ लागला. तो ते स्वतः करत, ही नवलाई होती. बोलणं घरच्या बोलीत, आणि सगळं डुकरांचं. भोरी व्याली. सुंद्रीचा खूर दुखतोय. तिकडची तिन्ही कशी आहेत, वजन किती. तुळजा वजनं सांगे. तिनं कधी "तुमचा गुडघा कसा आहे?" असं विचारलं, तर ते "ही घे, आत्याशी बोल," म्हणून फोन देऊन टाकत. ती निमूट आत्याशी बोले. मग आठवडाभर ते पाच मिनिटांचं बोलणं मनात घोळवी. भोरीबद्दल सांगताना ते कुठल्या शब्दावर हसले, खोकला मागच्या वेळेपेक्षा कमी होता का. दुसऱ्या प्रतीवरचा तिचा शोधनिबंध तोवर जगभर गाजला होता. चार देशांतून बोलावणी आली होती. परदेशातल्या एका सभेची तारीख रविवारची निघाली, तर तिनं ती बदलून मागितली. कारण काही सांगितलं नाही.

पावसाळा गेला. एके बुधवारी सकाळी ती प्रयोगशाळेत असताना फोन वाजला. अप्पा. बुधवारी कधीच येत नसे.

"परवा येतोय," ते म्हणाले.

"काय झालं? भोरीला काही झालं का? गाडी पाठवू?"

"गाडी कशाला? डुकरं न्हाईत संगं. मी एकलाच."

तिनं पेन हातात घेतलं होतं. ते तसंच राहिलं. "मग... काही काम होतं का, अप्पा?"

पलीकडे खाणीतला वारा ऐकू येत होता. ते खोकले.

"काम काय न्हाई," ते म्हणाले. "आपली एस्टी तिथं किती वाजता पोचती, तेवढं सांग."

"दुपारी दीडला," तुळजानं सांगितलं. आपण अकरापासूनच स्टँडवर जाऊन उभं राहणार आहोत, हे तिनं सांगितलं नाही.